बोरिवलीला एक नदी आहे

इंग्लंडला जाऊन आलेल्या कुणाच्याही फोनमधले फोटो बघा. त्यात नदीकाठचं एक जुनं गाव असतंच. दगडी पूल, चर्चचा मनोरा, पाण्यात हंस आणि काठाकाठाने जाणारी पायवाट. स्ट्रॅटफर्डला एव्हन, ऑक्सफर्डला थेम्स. आपण फोटो लाइक करतो आणि मनात म्हणतो, काय जपलंय राव यांनी!

मी बोरिवलीत वाढलो. आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली लेणी आहेत. शिवाचं लेणं आहे, ज्याचं पुढे चर्च झालं आणि मग पुन्हा शिवाचं लेणं. खाडी आहे, होडी आहे. आणि या सगळ्या परिसरातून वाहणारी, जेमतेम बारा किलोमीटर लांबीची एक नदी आहे. तरीही बोरिवलीला कुणी 'नदीकाठचं ऐतिहासिक गाव' म्हणत नाही. म्हटलं, एकदा पाहुण्यासारखं आपलंच गाव बघू. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी निघालो. नदी डोंगरातून खाडीकडे जाते, त्याच क्रमाने जायचं ठरवलं.

नदीचं नाव दहिसर. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या मुंबईच्या चार नद्या. २६ जुलै २००५ नंतर मिठी सगळ्यांना माहीत झाली. बाकीच्या तिघींची नावं मात्र उपनगरात राहणाऱ्यांनाही पटकन सांगता येत नाहीत.

दहिसर नदी उगम पावते ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात, तुळशी तलावाच्या परिसरात. जंगलातून प्रवाह धरून चालता येत नाही, म्हणून मुख्य फाटकातून बस पकडून मी कान्हेरीला गेलो. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. या काळ्या बसाल्टात शंभरावर लेणी आहेत. खोदकाम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालं आणि सुमारे हजार वर्षं चालू राहिलं. मोठं चैत्यगृह, म्हणजे तीन क्रमांकाचं लेणं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात व्यापारी भावांनी दिलेल्या दानातून झालं. बाहेरच्या ओवरीत दोन टोकांना बुद्धाच्या भल्याथोरल्या मूर्ती उभ्या आहेत, त्या नंतरच्या काळातल्या.

पण कान्हेरीत मूर्तींइतकंच पाणी बघण्यासारखं आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर दगडात कोरलेलं टाकं आहे. डोंगराच्या अंगावर पन्हळी खोदल्या आहेत, पावसाचं पाणी त्यांतून टाक्यात उतरतं. इथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय आणि लेण्याला 'लेण'. म्हणजे आपण 'लेणी' म्हणतो तो शब्द इथल्या भिंतीवर अठराशे-एकोणीसशे वर्षं लिहिलेला आहे.

एक लेख तर खास आहे. त्यात सातवाहन घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती महाक्षत्रपाची मुलगी. क्षत्रप आणि सातवाहन हे एकमेकांचे हाडवैरी, तरी सोयरीक झालेली. इतिहासाच्या पुस्तकांत हा लेख या लग्नामुळे गाजतो. पण तो कोरला कशासाठी? सतेरक नावाच्या अमात्याने पाण्याची एक पोढी दान दिली, त्याची नोंद म्हणून. दोन राजघराण्यांच्या नात्याचा पुरावा आपल्याला मिळाला तो पाण्याच्या टाक्यामुळे.

दान देणाऱ्यांची गावंही लेखांत आहेत. कल्याण, सोपारा, चेमुल म्हणजे चौल, नाशिक. बंदरांचा आणि व्यापारी वाटांचा पैसा या डोंगरात येत होता. आणि पर्यटक? तेही होते. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. इराणी वंशाचे जरथुष्ट्री लोक लेणी बघायला आले आणि आपली नावं, तारखेसकट, भिंतीवर कोरून गेले. हजार वर्षांपूर्वीचं चेक-इनच म्हणा ना. (तुम्ही मात्र तसलं काही करू नका. दंड होतो, आणि व्हायलाच हवा.)

उद्यानातून बाहेर पडलं की नदी बदलते. आत ती दगडांवरून वाहते, बाहेर काँक्रीटच्या दोन भिंतींमधून. दोन्ही बाजूंना इमारतींच्या पाठी. एकाही इमारतीचं तोंड नदीकडे नाही. वर महामार्ग, पुढे रेल्वेचा पूल. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली, तेव्हाच्या स्थानकांच्या यादीत आपलं गाव 'बोरेवला' म्हणून आहे. ती गाडी याच नदीवरून गेली असणार, कारण रूळ आणि नदी दोन्ही तेव्हापासून इथेच आहेत.

पश्चिमेला, आय. सी. कॉलनीला लागून, मंडपेश्वर. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचं शैव लेणं. आत नटराजाचं मोठं शिल्प आहे, हातपाय तुटलेले, पण नाच अजून कळतो. पोर्तुगीजांना १५३४ मध्ये वसई मिळाली आणि त्याबरोबर साष्टी बेटही. मग अंतोनिओ दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने या लेण्याचं चर्च केलं. एका भिंतीवरचं शिल्प जाऊन तिथे क्रूस कोरला गेला, तो आजही दिसतो. लेण्याच्या माथ्यावर उभारलेल्या इमारतीच्या भिंतीही आहेत, छप्पर नाही. हेच पाद्री कान्हेरीच्या भुयारांचा शेवट शोधायला सात दिवस आत भटकत होते, असं पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कुतो याने लिहून ठेवलंय.

इथे शाळेत पक्की बसलेली एक गोष्ट सोडावी लागते. 'मुंबई इंग्रजांना हुंड्यात मिळाली' हे आपण पाठ केलेलं असतं. १६६१ च्या त्या करारात बोरिवली नव्हती. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतलं तेव्हा तीही गेली. म्हणजे इंग्रजांना बोरिवली मिळायला शंभरावर वर्षं जास्त लागली. आज मंडपेश्वरात पिंडीची पूजा होते आणि शेजारच्या वस्तीला 'इमॅक्युलेट कन्सेप्शन'वरून आय. सी. कॉलनी म्हणतात. बौद्ध, शैव, ख्रिस्ती. एका छोट्या नदीच्या खोऱ्यात एवढं सगळं मावलंय.

शेवटी नदी मनोरी खाडीला मिळते. तिवरं, चिखल, बगळे, आणि गोराईला जाणारी होडी. पलीकडे ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस. खांबांशिवाय उभा असलेला तो प्रचंड दगडी घुमट २००९ मध्ये खुला झाला. उगमाकडे बुद्ध आणि मुखाकडेही बुद्ध, मध्ये दोन हजार वर्षं.

मग आपल्याकडे नाही काय? मला वाटतं, नाही तो फक्त एक शब्द. माझी आजी १९६० च्या दशकात बोरिवली पूर्वेला राहायला आली. ती कपडे घेऊन निघताना म्हणायची, 'नदीवर जाऊन येते.' आई पत्ता सांगताना म्हणते, 'नाल्याच्या पलीकडे.' पाणी तेच, जागा तीच, एका पिढीत शब्द बदलला. आणि शब्द बदलला की वागणं बदलतं. नदीत कुणी गोठ्याचं शेण सोडलं तर भांडण होतं. नाल्यात सोडलं तर कुणी बघतही नाही. नाला असतोच त्यासाठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा मिठीसारखीच दहिसर नदीही घराघरांत शिरली. पाण्याने आपली जुनी रुंदी मागितली, एवढंच. त्यानंतर भिंती उंच झाल्या आणि नदी आणखीनच दिसेनाशी झाली.

हे नशिबात लिहिलेलं नसतं, आणि त्यासाठी पुन्हा इंग्लंडकडेच बघू. थेम्स कायम फोटोतल्यासारखी नव्हती. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये तिला एवढी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले. १९५७ मध्ये तर लंडनमधली थेम्स जैविकदृष्ट्या मृत असल्याचं जाहीर झालं. त्याच १९५७ मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि आमची नदी 'मुंबईची' झाली. तिकडे सांडपाणी शुद्ध करण्यावर वर्षानुवर्षं खर्च झाला आणि १९७४ मध्ये थेम्समध्ये पुन्हा सामन मासा सापडला. इकडे त्याच वर्षांत आपण घाण सोडत गेलो. इंग्लंडची माणसं काही जन्मजात नदीप्रेमी नव्हती. त्यांनी घाण सोडणं थांबवलं.

त्यासाठी पैसा लागतो, यंत्रणा लागते, ते तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण शब्द हातात आहे. कान्हेरीच्या लोकांनी पाण्याच्या टाक्याला नाव दिलं, दान देणाऱ्याचं नाव कोरलं, म्हणून ते आजही आपल्याला कळतं. ज्याला नाव नाही त्याची तक्रार कोण करणार?

तेव्हा पुढच्या वेळी विरार लोकल बोरिवली सोडून दहिसरकडे निघाली की फोन क्षणभर खाली ठेवा. डबा एका छोट्या पुलावरून जातो, आवाज बदलतो. शेजारच्याने विचारलं, काय बघताय, तर सांगा, नदी.