खटल्याआधी जामीन : गंभीर गुन्ह्यांत न्यायालये काय तपासतात?

तिरुप्पनंदाळ (जि. तंजावर) : गंभीर गुन्ह्यातील आरोपीला जामीन मिळाला म्हणजे तो निर्दोष ठरला आणि जामीन नाकारला म्हणजे दोषी ठरला, असा समज सर्रास आढळतो. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही चुकीचे आहे. या टप्प्यावर दोषनिश्चिती होत नाही. खटला संपेपर्यंत आरोपीला कोठडीत ठेवणे आवश्यक आहे का, एवढेच न्यायालय पाहते.

अर्जाचा मार्ग

कुंभकोणमजवळील तिरुप्पनंदाळसारख्या गावात खुनाचा गुन्हा नोंदला गेला, तर दंडाधिकाऱ्यांचा अधिकार मर्यादित असतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० नुसार, फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्हा केल्याचे मानण्यास वाजवी कारण असल्यास ते जामीन देऊ शकत नाहीत. स्त्रिया, बालके, आजारी व विकलांग यांच्याबाबत सवलत देता येते. त्यामुळे असा अर्ज कलम ४८३ अन्वये सत्र न्यायालयाकडे आणि तेथे तो फेटाळला गेल्यास मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाकडे जातो.

नेहमीच्या कसोट्या

आरोपाचे स्वरूप, प्रथमदर्शनी पुरावा, संभाव्य शिक्षा आणि आरोपीची पूर्वपीठिका यांचा एकत्रित विचार होतो. आरोपी फरार होईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुरावा नष्ट करेल का, हे प्रश्न निर्णायक ठरतात. लहान गावात आरोपी आणि साक्षीदार एकाच वस्तीत राहत असल्यास ही भीती अधिक खरी असते. अशा वेळी ठरावीक हद्दीत न येण्याची किंवा पोलीस ठाण्यात हजेरी देण्याची अट घातली जाते. अट मोडल्यास जामीन रद्द होऊ शकतो.

फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक कारावासाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. तेथे आरोपाचे गांभीर्य आड येत नाही.

विशेष कायद्यांचा अडसर

याच परिसरातील तिरुभुवनम येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये पाट्टाळी मक्कळ कट्चीच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याची हत्या झाली. पुढील महिन्यात तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. अशा प्रकरणांत बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम लागू झाल्यास जामिनाचे गणित बदलते. कलम ४३ड(५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरे वाटल्यास जामीन देता येत नाही. दोषारोपपत्राची मुदतही १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. वटाली प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्यावर पुराव्याची सखोल छाननी नको, असे सांगितले. भीमा कोरेगाव प्रकरणातील व्हर्नन गोन्साल्विस यांना जामीन देताना २०२३ मध्ये मात्र पुराव्याचे वरवरचे मूल्यमापन तरी आवश्यक असल्याचे स्पष्ट केले.

विलंबाचा प्रश्न

खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील तर काय? के. ए. नजीब प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कठोर तरतुदी असूनही घटनेच्या अनुच्छेद २१ खालील अधिकाराचा भंग होत असल्यास घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. मुंबईतील बनावट नोटांच्या एका प्रकरणात चार वर्षांनंतरही आरोपनिश्चिती झाली नव्हती; त्या आरोपीला जुलै २०२४ मध्ये जामीन मिळाला. तामिळनाडूचे माजी मंत्री व्ही. सेंथिल बालाजी यांनाही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखालील प्रकरणात याच तत्त्वावर दिलासा मिळाला.

तरीही हा नियम आपोआप लागू होत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडियाशी संबंधित आठ आरोपींना दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये रद्द केला. आरोपांचे गांभीर्य आणि संभाव्य शिक्षेच्या तुलनेत कोठडीचा अल्प काळ त्याने विचारात घेतला.

नाकारला गेलेला जामीन कायमचा नसतो. परिस्थिती बदलल्यास नव्याने अर्ज करता येतो. मात्र निकाल निर्दोषत्वाचा लागला, तर कोठडीत गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. दुसरीकडे, सुटलेल्या आरोपीच्या दहशतीने साक्षीदार फिरला, तर पीडितांचा न्याय हातचा जातो. प्रत्येक आदेशात न्यायालय या दोन धोक्यांचे वजन करते.