मालाची वाट आणि वाहणाऱ्याची जात

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून मुंबईस परतले. त्यांचे सामान आणि जमविलेली पुस्तके त्यांच्याबरोबर नव्हती. ती थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने रवाना केली होती. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडविली आणि उपाशीतापाशी राहून घेतलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. बाबासाहेब ज्या बोटीत होते ती मात्र सुखरूप पोचली. बुडालेल्या सामानाबद्दल कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली आणि त्या पैशाच्या आधारावरच ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी जाऊ शकले.

या प्रसंगाकडे आपण आजवर एका ग्रंथवेड्या विद्यार्थ्याच्या दुःखाची कहाणी म्हणून पाहत आलो. त्याची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. सामान बुडाले तरी भरपाई मिळाली, कारण जहाजी व्यापारात मालाची पावती असते. तीवर नग लिहिलेले असतात, वजन लिहिलेले असते, पाठविणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते. जातीचा रकाना नसतो. महाराच्या मुलाची पेटी आणि लाटसाहेबाची पेटी जहाजाच्या पोटात शेजारी शेजारी राहू शकते. आता या भरपाईचे पैसे खिशात घेऊन बडोद्याच्या स्टेशनवर उतरलेल्या माणसाचे काय झाले ते पाहा. त्याला राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला हुसकून लावले. कचेरीतला शिपाई त्याच्या टेबलावर कागद दुरून फेकीत असे. पेटीला जे संरक्षण होते ते पेटीच्या मालकाला नव्हते.

आपल्या देशातील दळणवळणाचा, बंदरांचा आणि जकातीचा इतिहास या अंगाने कोणी लिहिलेला नाही. आमच्या अर्थशास्त्रज्ञांनी आयात-निर्यातीचे आकडे मांडले, रेल्वेचे मैल मोजले, राष्ट्रीय संपत्तीच्या लुटीचा हिशेब केला. हे सारे आवश्यक होते. पण तो माल कोणाच्या डोक्यावरून गेला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पडण्याचे कारणही नव्हते. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी डोक्यावर चुंबळ ठेवण्याची परंपरा नव्हती.

आधी जकातीचे पाहू. पेशवाईत आणि तिच्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत घाटावरून कोकणात माल उतरवायचा म्हणजे वाटेत नाक्यामागून नाके ओलांडावे लागत. प्रत्येक नाक्यावर निराळा दर, निराळा अंमलदार, निराळी खंडणी. व्यापारी याला इतके कंटाळले होते की त्यातून हुंडेकऱ्यांचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. हुंडेकरी व्यापाऱ्याकडून एकरकमी पैसे घेई आणि वाटेतल्या सगळ्या जकाती आपल्या जबाबदारीवर भागवून माल मुक्कामी पोचवी. कंपनी सरकारच्या लक्षात आले की ही नाकेबंदी विलायती मालालाही अडविते. मग बंगालमध्ये १८३६ साली, मुंबई इलाख्यात १८३८ साली आणि मद्रासेत १८४४ साली अंतर्गत जकाती उठल्या. मिठासाठी मात्र हीच कंपनी आणि पुढे राणीचे सरकार उलट दिशेने गेले. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकातीची रेषा, तिच्यावर मैलोगणती काटेरी झाडांचे कुंपण आणि सुमारे बारा हजार माणसांचा पहारा! गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी एवढा बंदोबस्त. मिठाच्या कराची दुसरी व्यवस्था लागल्यावर १८७९ साली ती रेषाही मोडली. एकूण काय, मालाच्या वाटेतला काटा काढण्यासाठी राज्यकर्त्यांनी कायद्यामागून कायदे केले. त्याचे श्रेय त्यांना देण्यास हरकत नाही.

माणसाच्या वाटेतला काटा मात्र तसाच राहिला, आणि याचा दाखला नाक्यावरचाच आहे. १९०१ साली लहानगा भीमराव आपल्या भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. ही मुले सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावर उतरली. मुले महाराची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना, दुप्पट भाड्यालाही नाही. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. रात्री गाडी टोलनाक्याच्या झोपडीपाशी थांबली. मुलांजवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हते. गाडीवानाने शिकविल्याप्रमाणे मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून नाकेदाराकडे पाणी मागितले. त्याने ते दिले नाही. डोंगरावर पाणी आहे, तिकडे जा, म्हणाला. मुले उपाशी झोपली. हा सारा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविला आहे. मिठाची, कापसाची, गुळाची गाडी पैसे भरून त्या नाक्यावरून पुढे जाऊ शकत होती. दुप्पट पैसे भरून आलेल्या या मुलांना तेथे घोटभर पाणीही मिळू शकत नव्हते.

गावगाड्यात ओझे वाहण्याचे काम महाराकडे वतनाने आले होते. सरकारी अंमलदाराचे सामान एका गावच्या शिवेपासून दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोचविणे, वाटाड्या होणे, सांगावा घेऊन धावणे, गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात नेऊन भरणे ही त्याची कामे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वसुलाच्या थैलीला महाराचा हात लागला म्हणून थैली बाटत नसे. ती थैली कचेरीत आनंदाने मोजून घेतली जाई. विटाळ कोठे लागतो आणि कोठे लागत नाही, हे कोणाची सोय पाहावयाची यावर ठरत असे. ब्रिटिशांनी ही वेठ बंद केली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने तिला उलट कायद्याचा आधार दिला. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले तेव्हा त्यांचा रोख याच गुलामीवर होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ साली, म्हणजे स्वराज्य आल्यावरही अकरा वर्षांनी.

या वेठीतून बाहेर पडण्याची एक वाट आगगाडीने दिली. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्या कामावर एका वेळी ४२,००० पर्यंत मजूर राबत होते. पटकी, ताप, सुरुंग यांनी किती माणसे नेली याचा नीट हिशेब नाही. ट्रेडवेल नावाचा ठेकेदार या कामावर मेला, त्याच्या बायकोने ठेका पुरा केला, हे मात्र रेल्वेच्या प्रत्येक इतिहासात वाचावयास मिळते. माती-दगडाचे काम जन्माने ज्यांच्या वाट्याला आले त्या वडार-बेलदारांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. आणि लमाणांचे काय झाले? शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या तांड्यांचा धंदा पक्क्या सडका आणि आगगाडी यांनी बुडविला. ज्या वाटांवर ते माल वाहत होते त्याच वाटांवर पुढे पोलीस त्यांच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहू लागले.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास भिडला, १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० साली प्रिन्सेस डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक पुरा झाला. खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला थेट लिव्हरपूलपर्यंत वाट झाली. आणि त्या कापसाखाली खांदा द्यायला कोकणातून, घाटावरून अस्पृश्य माणूस मुंबईत आला. गोदी, रेल्वे, म्युनिसिपालटी ही त्याची पहिली ठिकाणे. ओझे तेच होते, पण आता त्याचे रोख पैसे मिळत. शनिवारी हातात पडलेल्या त्या पैशाची किंमत ज्यांनी कधी वेठ केली नाही त्यांना कळणार नाही. आमच्यातील काही मित्र भांडवलशाहीचा निषेध करताना हे विसरतात म्हणून मुद्दाम सांगितले.

पण या शहरात विटाळाचा नवा नकाशा तयार झाला. अस्पृश्य मजुराच्या पाठीवरून गासडी गिरणीच्या दारात आली तर कापूस बाटत नव्हता. तोच कापूस पिंजून, कातून त्याचा धागा झाला की मात्र गिरणीच्या विणकाम खात्याचे दार त्याला बंद. कारण असे दिले जाई की धोट्यात नवी कांडी बसविताना धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागते आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा स्पृश्य विणकर कसा ओढणार? पगार अर्थात विणकाम खात्यातच चांगला होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला तेव्हा वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांची अडचण झाली. गासडी आणि धागा यांच्या मधल्या भिंतीचे त्यांच्या पोथीत कोठे वर्णनच नव्हते.

गोदीत काम दोन वाटांनी मिळे. जहाजावरची चढउतार स्टिव्हेडोर करवून घेत. धक्क्यावरच्या कामाला टोळीवाले माणसे पुरवीत. दोघांच्याही खाली मुकादम. सकाळी धक्क्याबाहेर उभे राहायचे, मुकादमाने बोट दाखविले तर काम, नाहीतर परत. बोट कोणाकडे वळेल हे गाव, भावकी, जात आणि मुकादमाला चारलेली रक्कम यांवर ठरे. गोदी कामगारांची नोंदणी करून ही रोजंदारीची अनिश्चितता संपवावी अशी शिफारस व्हिटले कमिशनने १९३१ साली केली होती. ती कागदावर राहिली.

मग १४ एप्रिल १९४४ उजाडला. त्या दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षे पुरी झाली. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्या त्याच जहाजात रचल्या होत्या. दुपारी आग लागली, चारनंतर दोन स्फोट झाले आणि गोदीसह आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. जहाजावर सोन्याच्या १२४ विटा होत्या. हा आकडा पक्का आहे, कारण सोन्याची पावती होती. त्या विटा पुढे कित्येक वर्षे गोदीच्या गाळातून शोधून काढल्या गेल्या. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र आजतागायत एक नाही. कोणी सातशे-आठशे सांगतो, कोणी तेराशे. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. ते नोंदीत होते म्हणून मोजता आले. मुकादमाच्या बोटावर त्या सकाळी आत गेलेल्या रोजंदाराला कोणत्या रजिस्टरात शोधायचे?

त्यानंतर चार वर्षांनी, १९४८ साली, गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला आणि १९५१ साली मुंबईत त्याची योजना लागू झाली. नोंदणी झाली, पाळीने काम आले, काम नसलेल्या दिवशी हजेरीचे पैसे आणि महिन्याला किमान दिवसांची हमी आली. बंदराबाहेरच्या हमालांना असा आधार मिळायला १९६९ चा माथाडी कायदा व्हावा लागला आणि त्यासाठी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा द्यावा लागला. हे दोन्ही कायदे महाराष्ट्राच्या श्रमिकांनी मिळविलेले मोठे धन आहे, यात वाद नाही. तरीही एक खटकते. नोंदणी झाली ती असलेल्या टोळ्यांची, आणि टोळी बनली होती गावकी-भावकीतून. मुकादमाचे बोट गेले. त्याने ज्यांना निवडले होते त्यांची यादी रजिस्टर झाली. टोळीबाहेर राहिलेल्या माणसाला टोळीत शिरण्याची वाट कायद्याने फारशी रुंद केली नाही.

या कायद्यांची फळे पिढीभर चाखली असतील नसतील तोच लोखंडी पेटी आली. वीस फुटी आणि चाळीस फुटी कंटेनर क्रेनने उचलतात. त्याला पाठ लागत नाही. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाड्यातल्या माणसांना उठविले आणि ज्या हनुमान कोळीवाड्यात वसविले तेथे वाळवीने त्यांची घरे पोखरली. मुंबईच्या जुन्या गोद्यांतला माल हळूहळू तिकडे गेला. १९९४ साली मुंबईचा डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाला आणि १९९७ साली मोठ्या बंदरांना १९४८ चा कायदा लागू न ठेवण्याची तरतूद झाली. पाठीवरचे ओझे उतरले याचा आनंद मानावयास आम्ही पहिले असू. वेठ संपावी हे तर आमचेच म्हणणे होते. पण ओझ्याबरोबर रजिस्टरही उतरविले गेले. आज कंटेनरच्या आवारात ठेकेदाराची माणसे राबतात आणि बंदराबाहेर मैलमैल रांगेत ट्रक घेऊन ड्रायव्हर-क्लीनर ताटकळतात. त्यांना पाणी कोठे मिळते, याची चौकशी करण्यासारखी आहे.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकात नाकेही गेले. १८३८ साली सुरू झालेले काम जवळजवळ १८० वर्षांनी पुरे झाले. २०१८ पासून मालाबरोबर ई-वे बिल धावते. त्यात माल पाठविणारा आणि घेणारा यांचे नंबर असतात, मालाचे वर्णन आणि किंमत असते, गाडीचा नंबर असतो. गाडी चालविणाऱ्याच्या नावाची जागा त्या बिलात नाही.