बार्शी लाइटच्या हिशेबानं सायकलवाट

साल 1897. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला अजून 'बार्शी रोड' म्हणतात. मुंबई-सोलापूरच्या मोठ्या लाइनीलगत नवे रूळ पडलेत आणि तुम्ही त्यांच्यात उभे आहात. एक पाय या रुळावर, दुसरा त्या रुळावर सहज ठेवता येतो, कारण मधलं अंतर अवघं अडीच फूट आहे. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेलं इंजिन जवळ जाऊन पाहा. त्याची आठ चाकं एकमेकांना जोडलेली आहेत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा नियमच आहे, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही. भार वाटला गेला की हलके रूळ पुरतात, आणि रूळ हलके तर खर्चही हलका. लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची सगळी भिस्त याच हिशेबावर आहे.

गाडी सुटते. आज ती फक्त बार्शीपर्यंत, सुमारे 22 मैल जाणार. बार्शीचा कापूस त्याच वाटेनं मोठ्या लाइनीला येऊ लागेल.

नऊ वर्षं पुढे या. 1906. मोडनिंबवरून पंढरपूरची लाइन सुरू झालीय. आषाढीची गर्दी एवढी की डबे भरल्यावर वारकरी मालाच्या वाघिणीतही चढतात. टाळ-मृदंगाच्या आवाजात इंजिनाची शिट्टी ऐकू येत नाही. पुढे 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. तीस वर्षं, चार टप्पे. सगळे पैसे जमेपर्यंत कोणी थांबलं नाही, तयार झालेला टप्पा लगेच चालू केला. मला या लाइनीचं सगळ्यात मोठं शहाणपण हेच वाटतं.

आता थेट इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरला चला, 1937 मध्ये. लीक अँड मॅनिफोल्ड ही कॅलथ्रॉपचीच, अडीच फुटी गेजची लाइन. 1904 ला सुरू झाली, 1934 ला बंद पडली. पण रेल्वे कंपनीनं रुळांखालची जमीन तुकडे करून विकली नाही, काउंटी कौन्सिलच्या हवाली केली. रूळ उचलले गेले, वाट लोकांना खुली झाली. आठेक मैलांच्या त्या वाटेवर आजही लोक चालतात, सायकली चालवतात.

आपल्याकडे 2010 पर्यंत कुर्डुवाडीच्या दोन्ही बाजूंचं नॅरोगेज ब्रॉडगेज झालं. योग्यच झालं, लोकांना रेल्वे हवी होती. म्हणून सायकलसाठी पट्टा दुसरीकडे शोधायला हवा.

तो भीमानगरला आहे. आजच्या सकाळी उजनी धरणाखाली, डाव्या कालव्याच्या भरावावर या. पायाखाली मुरूम, एका बाजूला आवर्तनाचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, काठाला वेड्या बाभळी. ही वाट माढा तालुक्यातून पुढे जाते आणि जमीन जलसंपदा खात्याची आहे. रस्त्याच्या कामात भूसंपादनच सगळ्यात आधी अडतं. इथं तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेलाच आहे. 2021 मध्ये पायाभरणी झालेल्या दोन पालखी मार्गांचा अंदाजित खर्च 11 हजार कोटींच्या वर होता, त्यात वारकऱ्यांसाठी बाजूच्या पायवाटाही धरल्या होत्या. चालणाऱ्यांसाठी सरकार पैसा काढू शकतं, हे तिथं दिसलं. सायकलचं वजन ते किती! तिला महामार्गाची जाडी लागत नाही. मुरमाची नीट दबाई, पाण्याच्या बाजूला कठडा, ओढ्यांवर मोऱ्या एवढं झालं तरी सुरुवात होते. दुतर्फा झाडं रोजगार हमीतून लागू शकतात, बाकीचा निधी जिल्हा नियोजन समितीकडे मागता येतो. उसाच्या ट्रॅक्टरना मात्र याच वाटेनं जावं लागतं. शेतकऱ्यांना विचारात न घेता आखणी केली तर ती कागदावरच राहील.

पंढरपूरला दरवर्षी सायकलवाऱ्या येतात, त्या ट्रकच्या चाकांशेजारून. भीमानगरपासूनचा पहिला टप्पा मागण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा, आणि जलसंपदा खात्याकडून त्याचं लेखी उत्तर घ्या.