डेट्रॉइटच्या गाड्या, पंचवीसपट लहान

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांच्या भुवया उंचावल्या, हे आमच्या कानावर आलं आहे. इतिहासाच्या व्याख्यानमालेत खेळण्यातल्या गाड्या कशाला? प्रश्न रास्त आहे. पण टेबलावर ठेवलेली ही निळी गाडी एकदा नीट पाहा. हिची लांबी एकवीस सेंटिमीटर. मूळ गाडी, म्हणजे १९६९ ची डॉज चार्जर, सव्वापाच मीटरांहून थोडी लांब होती. पंचवीसास एक, हे प्रमाण. आणि अमेरिकेच्या मोटारधंद्याचा पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास या एवढ्याशा प्लास्टिकमध्ये असा काही अडकून बसलाय, की तो सोडवायला एक तास अपुरा पडावा. तरी प्रयत्न करू.

आधी एक गैरसमज दूर करूया. आपल्याला वाटतं, की मोठी गाडी प्रसिद्ध होते, मग तिच्या आठवणीसाठी कुणीतरी छोटी गाडी काढतं. इथे क्रम उलटा होता. छोटी गाडी ही आठवण नव्हती, जाहिरात होती.

दुसरं महायुद्ध संपलं आणि डेट्रॉइटच्या परिसरात दोन-तीन लहान कारखाने उभे राहिले. १९४८ मध्ये वेस्ट गॅलोग्ली नावाच्या वकिलाने मिशिगनमधल्या ट्रॉय इथे एक कंपनी काढली. नाव अ‍ॅल्युमिनम मॉडेल टॉइज, पुढे नुसतंच एएमटी. सुरुवातीला खरंच अ‍ॅल्युमिनियम ओतून फोर्डची छोटी गाडी केली जायची, लवकरच प्लास्टिक आलं. त्याच सुमारास जॉन हेन्ली यांची जो-हॅन ही कंपनी डेट्रॉइटमध्ये सुरू झाली. यांचं गिऱ्हाईक मुलं नव्हती. यांचं गिऱ्हाईक होतं मोटार कंपन्या. नवं मॉडेल बाजारात यायच्या वेळी विक्रेत्याच्या टेबलावर त्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती हवी, अगदी कारखान्याच्या त्या वर्षीच्या रंगात. बाप गाडी बघायला आला की सोबतच्या पोराच्या हातात ती द्यायची. बाप घरी जाऊन विचार करणार, पोरगं घरी जाऊन हट्ट करणार! या गाड्यांना प्रोमो म्हणत.

प्रतिकृती हुबेहूब का असत, याचं उत्तर यातच आहे. मोटार कंपनीच रेखाचित्रं पुरवायची, तीही नवी गाडी लोकांना दिसायच्या आधी. पुढच्या वर्षीचं जे गुपित डेट्रॉइटमध्ये कुलपाबंद असायचं, ते या लहान कारखान्यांतल्या साचे कोरणाऱ्या कारागिरांना ठाऊक असायचं. या कारागिरांची नावं डब्यावर कधी छापली गेली नाहीत.

याच मातीत आणखी एक परंपरा होती, तिचा उल्लेख करायलाच हवा. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० पासून मुलांसाठी एक स्पर्धा चालवली. सुरुवातीला राजेशाही घोडागाडीची प्रतिकृती करायची, नंतर स्वतःच्या कल्पनेतली मोटार लाकडात किंवा प्लास्टरमध्ये घडवायची. बक्षीस म्हणून कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च. १९६८ पर्यंत ही स्पर्धा चालली. १९४७ चा एक विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या सगळ्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. तेव्हा लहान गाडीतून मोठी गाडी निघाली, असंही इथे घडलेलं आहे.

आता किट. १९५८ मध्ये एएमटीला एक साधी गोष्ट सुचली. प्रोमोचा साचा आपल्याकडे आहेच. तीच गाडी सुट्या भागांत विकली तर? जोडणीचा खर्च वाचेल, आणि जोडायचं काम मुलगा आनंदाने, वर पैसे देऊन करेल. दीड डॉलरच्या आसपास किंमत. डब्यात थोडे जास्तीचे भाग घातले आणि त्यावर लिहिलं, एका डब्यात तीन गाड्या: कारखान्यातून आली तशी, हौशीने नटवलेली, किंवा शर्यतीची. तीनपैकी जोडता एकच येणार, हे उघड आहे. पण उरलेले भाग दुसऱ्या गाडीला लावता येत. अमेरिकेतल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत त्या काळी असे सुटे भाग भरलेला एखादा पत्र्याचा डबा सापडायचा.

ही झाली पार्श्वभूमी. मसल कार यानंतर येते.

१९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितलं. पॉन्टियाक विभागाची पंचाईत झाली, कारण त्यांची गिऱ्हाइकं वेगावर भाळून येत. कंपनीचा नियम असा, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नियम गाडीला लागू होता, जास्तीच्या सोयींच्या यादीला नव्हता. मग १९६४ च्या टेम्पेस्ट गाडीवर सुमारे तीनशे डॉलर जास्त देऊन घ्यायची एक सोय ठेवली, तिचं नाव जीटीओ, आणि त्यात ३८९ घनइंचांचं इंजिन. म्हणजे जवळपास ६.४ लिटर. आपल्या पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं होतं, तेव्हा अशी सहा इंजिनं एकत्र केली तरच बरोबरी. विक्री विभागाने पाच हजार गाड्यांचा अंदाज धरला होता. विकल्या गेल्या ३२,४५०.

कोणी घेतल्या? युद्धानंतर १९४६ पासून जन्मलेली पिढी १९६४ मध्ये अठराची होत होती. आणि हीच मुलं चार-पाच वर्षांपूर्वी टेबलावर वर्तमानपत्र पसरून एएमटीची किट जोडत होती. मसल कारचं गिऱ्हाईक किटने तयार केलं असं आम्ही म्हणणार नाही, तो फार मोठा दावा होईल. पण बॉनेट उघडून आत काय आहे ते नावानिशी सांगणारी, कार्ब्युरेटर किती आणि एक्झॉस्टचा पाइप कुठून जातो हे बोटांनी शिकलेली पिढी आयती तयार होती, एवढं तरी मान्य व्हावं.

जाता जाता सांगतो, डॉज आणि प्लिमथ ही नावं मुंबईच्या जुन्या मंडळींना परकी नाहीत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला याच क्रायस्लर घराण्याच्या गाड्या जोडल्या. पण ती वेगळी जातकुळी, संथ आणि सभ्य.

पुन्हा डेट्रॉइटला येऊ. जॉर्ज टॉटेफ नावाचे एएमटीतले महत्त्वाचे गृहस्थ तिथून बाहेर पडले आणि १९६३ च्या सुमारास माउंट क्लेमेन्सला एमपीसी ही कंपनी काढली. आता तीन कारखाने, एकमेकांपासून तासाभराच्या अंतरात, दरवर्षी सगळ्या नव्या गाड्यांच्या किट काढण्यासाठी धावत होते. १९६८ मध्ये प्लिमथने रोड रनर काढली, कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव वापरायला वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर दिले, हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा. १९७० मध्ये सुपरबर्ड आली. नाकाडावर टोक आणि मागे माणसाच्या कमरेच्याही वर जाणारा पंख. शर्यतीच्या नियमासाठी जेवढ्या करणं भाग होतं तेवढ्याच केल्या, सुमारे १,९०० गाड्या. विक्रेत्यांकडे त्या पडून राहिल्या. लोकांना ती विचित्र वाटली! पण जो-हॅनने तिची किट काढली आणि मुलांना तो पंख फारच आवडला. पुढे ज्यांनी सुपरबर्ड पाहिली असं सांगितलं, त्यातल्या अनेकांनी ती पंचवीसपट लहानच पाहिली असावी, असा आमचा अंदाज आहे.

आता आम्हाला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येतो. साचा. पोलादाचा साचा करणं हे या धंद्यातलं सगळ्यात महाग काम. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने आत सोडायचं, थंड झालं की सगळे भाग एका फांदीला लटकलेले बाहेर येतात, कैरीच्या घोसासारखे. दरवर्षी नवा साचा परवडत नसे. मग काय करत? जुनाच साचा कोरून पुढच्या वर्षीचा करत. खऱ्या चार्जरचंच पाहा. ६८ साली मागे गोल दिवे, ६९ ला लांबट दिवे आणि पुढची जाळी मधोमध दुभागलेली, ७० ला जाळीभोवती बंपरचं वेटोळं. असे बदल साच्यात करायचे तर पोलाद तासायचं किंवा वितळवून भरायचं, आणि एकदा तासलं की आधीचं वर्ष संपलं. पूर्णपणे. शेवटी गाडी बाजारातून गेली, की त्याच साच्यात चाकांच्या कमानी रुंद करायच्या, आतल्या खुर्च्या काढायच्या आणि शर्यतीची गाडी म्हणून विकायची. आपल्याकडे एखाद्या ताम्रपटावरचा मजकूर घासून त्यावरच नवा कोरावा, तसा प्रकार. त्या लोकांना दोष देता येत नाही. ते ताम्रपट करत नव्हते, पुढच्या नाताळचा माल करत होते.

म्हणून त्या वर्षाची किट त्या वर्षीच विकली गेली, आणि ती मुलांनी जोडली. मुलांनी जोडली म्हणजे काय, तर बोटांचे ठसे उमटले, काचेवर डिंक सांडला, रंग ओघळला, आणि दोन वर्षांनी फटाका लावून उडवूनही दिली. डिंकाचाही एक इतिहास आहे. तो चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. त्यातल्या द्रावकाच्या वाफा हुंगायची सवय साठच्या दशकात मुलांना लागली, वर्तमानपत्रांत ओरड झाली, आणि १९६९ मध्ये टेस्टर्स कंपनीने आपल्या डिंकात मोहरीच्या तेलाचा झणझणीत अर्क घातला. हुंगलं की नाकात आग.

यानंतरचा भाग पटकन सांगतो, कारण तो दुःखद असला तरी सरळ आहे. विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा आला, ७१ पासून इंजिनांचा दम उतरू लागला, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. मसल कार गेली. एमपीसी १९७० मध्येच जनरल मिल्सकडे, म्हणजे नाश्त्याचं सीरियल विकणाऱ्या कंपनीकडे गेली होती, आणि १९७७ नंतर तिचं लक्ष स्टार वॉर्सच्या किटकडे वळलं. एएमटी १९७८ मध्ये मॅचबॉक्सवाल्या लेस्नीने घेतली, लेस्नी बुडाली, मग आयोवातल्या अर्टलने घेतली, पुढे एमपीसीही अर्टलकडेच आली. प्रत्येक स्थलांतरात साचे ट्रकमध्ये चढले. सगळे उतरले असं नाही.

दरम्यान टीव्हीवर ‘द ड्यूक्स ऑफ हॅझार्ड’ लागली होती. नारिंगी चार्जर दर भागात हवेत उडायची. त्या मालिकेने तीनशेच्या आसपास खऱ्या चार्जर मोडल्या, आणि एमपीसीच्या किटमुळे घराघरांत नव्या चार्जर उभ्या राहिल्या. हा हिशेब आम्हाला नेहमी विलक्षण वाटतो.

ऐंशीच्या दशकात ती किट जोडणारी मुलं चाळिशीत आली. खरी जीटीओ परवडेना, तेव्हा बालपणीच्या किटचा शोध सुरू झाला. मोनोग्रामने चोविसास एक प्रमाणात नव्या मसल कार काढल्या, त्या या प्रौढांसाठी. आता चित्र उलटलं होतं. पूर्वी मोटार कंपनी पैसे देऊन छोटी गाडी करवून घ्यायची, आता छोटी गाडी काढायची तर मोटार कंपनीला नाव वापरण्याचे पैसे द्यायचे.

संग्रह करणाऱ्यांचं एक दुखणं सांगतो, स्वानुभवाचं. आम्ही काही वर्षांपूर्वी एका परदेशी विक्रेत्याकडून पन्नासच्या दशकातला एक प्रोमो मागवला. फोटोत सुंदर दिसत होता. डबा उघडला तर गाडी केळ्यासारखी वाकलेली. फोटो समोरून काढला होता, बाजूने नाही! पण विक्रेत्याला तरी काय म्हणणार, तेव्हाचं प्लास्टिकच तसं. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं असायचं, ते वर्षानुवर्षं आक्रसत आणि मुरडत जातं. १९६१ च्या सुमारास पॉलिस्टायरीन आलं तेव्हा हा रोग थांबला, पण दुसरा लागला. टायर मऊ व्हिनाइलचे, त्यातलं तेलकट द्रव्य हळूहळू पाझरतं आणि शेजारचं कडक प्लास्टिक वितळवतं. बंद डब्यात, कुणी हात न लावता, गाडीची चाकं गाडीलाच खातात. म्हणून जाणकार आधी डबा उघडून टायर वेगळ्या पिशवीत ठेवतो.

आणि इथे भांडण सुरू होतं. डब्यावरचं मूळ सेलोफेन फाडलं की किंमत उतरते. नाही फाडलं तर आत काय चाललंय कळत नाही. आम्हाला विचाराल, तर इतिहासाच्या दृष्टीने बारा वर्षांच्या मुलाने वाकडीतिकडी जोडलेली गाडी हाच जास्त बोलका पुरावा आहे. त्याने तीनपैकी कोणती गाडी निवडली, रंग कोणता मारला, दुसऱ्या कुठल्या डब्यातलं इंजिन आणून बसवलं, हे सगळं त्यात दिसतं. पण बाजार आमचं ऐकत नाही. जुन्या डिंकाची गाडी टोपलीत जाते, न उघडलेला डबा लिलावात.

आज एएमटी आणि एमपीसी ही दोन्ही नावं इंडियानातल्या राउंड टू या कंपनीकडे आहेत. ज्या वर्षांचे साचे कोरून कोरून नाहीसे झाले, त्यातल्या काही गाड्या ते नव्याने करतात. मोटार कंपनीची जुनी रेखाचित्रं घेऊन नव्हे, तर त्या वर्षीच्या जुन्या किटचे सुटे भाग मोजून, स्कॅन करून, त्यावरून नवं पोलाद कापून. त्यासाठी भाग न जोडलेले, न रंगवलेले लागतात. म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षं कुणीतरी जपून ठेवलेला डबा हवा, आणि तो उघडायला तयार असलेला माणूस हवा.

ही निळी गाडी आता तुमच्याकडे फिरवतो. पंख नाही हिला, तेव्हा छताला धरलंत तरी चालेल, फक्त आरसा सांभाळा. तो दोनदा चिकटवून झालाय.