सर्पगंधेची मुळी आणि निपचित ससे

मेंदूत डोपामाइन स्वतःचं काही काम करतं, हे कळलं ते सशांमुळे. आणि ते ससे निपचित पडले होते आपल्याकडच्या सर्पगंधेमुळे.

बिहारात या मुळीला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण लिहून ठेवला. पाश्चात्त्य डॉक्टरांनी कान टवकारले ते मात्र १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आल्यावर. ५० रुग्ण आणि रक्तदाबाच्या नोंदी, एवढंच भांडवल. परंपरेचे गोडवे न गाता त्यांनी आकडे मांडले, म्हणूनच तो निबंध चालला असं मला वाटतं.

१९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत मुळीतून रेसर्पाइन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरू लागले, मनोरुग्ण शांत झाले; पण काहींना उदासीनं घेरलं, तर काहींचं अंग कंपवात झाल्यासारखं ताठरलं. औषध म्हणून ही खोटच. प्रयोगशाळेला मात्र तिथेच वाट सापडली.

चेतापेशी आपली रसायनं बारीक पिशव्यांत साठवतात. रेसर्पाइन पिशव्या भरणारा पंपच बंद पाडतं. मग बाहेर उरलेल्या रसायनाचा एन्झाइम फडशा पाडतात. यातला पंप पुढे सापडला. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटाला दिसलं ते इतकंच, की मेंदूतलं सेरोटोनिन आटतं. त्यांच्याकडे काही महिने काढून स्वीडनला परतलेल्या आर्विड कार्लसन यांनी नॉरअॅड्रेनलिनही आटल्याचं दाखवलं. १९५७ मध्ये त्यांनी रेसर्पाइननं गळाठलेल्या सशांना डोपा टोचलं. शरीर त्यापासून आधी डोपामाइन आणि मग नॉरअॅड्रेनलिन बनवतं. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले! मेंदू तपासला तर नॉरअॅड्रेनलिन होतं तसंच आटलेलं. म्हणजे सशांना उठवलं होतं डोपामाइननं. तोवर त्याला वाटेतला एक टप्पा, याहून अधिक कोणी मोजत नव्हतं.

१९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविझ यांना कंपवातानं मेलेल्यांच्या मेंदूत डोपामाइनचाच तुटवडा आढळला. आज कंपवाताच्या रुग्णांना देतात ती लेव्होडोपाची गोळी याच वाटेनं आली. आयुर्वेदात कंपवातावर खाजकुयलीचं बी देतात. मद्रासच्या प्रयोगशाळेत त्या बियांतून डोपा वेगळं काढलं गेलं होतं १९३७ मध्येच, कार्लसनच्या सशांआधी २० वर्षं.