मागण्याची रीत

इतिहास देणाराचें नांव जपतो. मागणाराचें नांव बहुधा विसरतो. घाटाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर, दवाखान्याच्या दारावर दात्याचें नांव कोरलेलें असतें; पण तें दान कोणी मागितलें आणि कोणत्या शब्दांनीं मागितलें, याची नोंद क्वचितच सांपडते. मागणें म्हणजे हलकेपणा, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. तरीहि दुसऱ्याच्या साह्यावांचून मोठें कार्य कोणाच्या हातून तडीस गेलें आहे? तेव्हां मागावें कीं नाहीं यापेक्षां कसें मागावें, हाच प्रश्न महत्त्वाचा. त्याचें उत्तर आपल्याच इतिहासांतील एका घरांत मिळतें. अमेरिकेंत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या पहिल्या हिंदु स्त्री डॉ. आनंदीबाई जोशी यांचें तें घर. पांच वर्षांच्या अवधींत त्या घरांतून तीन वेळां मदतीची मागणी झाली. ती प्रत्येक वेळीं कशी झाली, हें आज पाहूं.

पहिलें मागणें १८७८ सालचें. आनंदीबाईंचे पति गोपाळराव त्या वेळीं कोल्हापुरास पोस्टांत नोकरीस होते. पत्नीला शिकवावयाचें, या एका ध्यासानें त्यांना पछाडलें होतें. त्यांनीं अमेरिकेंतील मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलें. वाइल्डर पूर्वीं कोल्हापुरांतच पुष्कळ वर्षें राहिले होते व आतां प्रिन्स्टन येथून एक मासिक चालवीत होते. पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी आणि आपणांसहि तिकडे एखादी नोकरी मिळावी, असा त्या पत्राचा आशय होता. हेतु निर्मळ, परंतु मागण्याची रीत चुकली. एक तर दोन गरजा एकाच पत्रांत गुंफल्या गेल्या. दुसरें असें कीं, ज्यांच्यापाशीं मागणें केलें त्यांच्या जीविताचें उद्दिष्ट धर्मप्रसाराचें होतें. त्यांनीं साह्याऐवजीं ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा उपदेश केला. येथें रागावण्याचें कारण नाहीं. ज्याच्या दुकानीं जें मिळतें तेंच तो देतो.

पण या फसलेल्या पत्राचें पुढें एक नवल झालें. वाइल्डर यांनीं तें आपल्या उत्तरासह मासिकांत छापलें. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो जुना अंक त्यांच्या हातीं आला. पत्र त्यांना लिहिलेलें नव्हतें. तरी तें त्यांच्याच काळजाला जाऊन भिडलें. त्यांनीं आपण होऊन पत्र पाठविलें आणि पुढें आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. चारचौघांत बोलून दाखविलेली गरज अशी कधीं कधीं पत्त्यावर न पोंचतां योग्य माणसाकडे पोंचते. नकार आला तरी मागणें वायां गेलेंच असें समजूं नये, हा येथला पहिला धडा.

दुसरें मागणें खुद्द आनंदीबाईंचें. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजांत त्या इंग्रजींतून बोलावयास उभ्या राहिल्या. वय अठरा वर्षेंहि पुरें नव्हतें. समोर बसलेल्या लोकांच्या मनांत कोणते आक्षेप आहेत, हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं ते आक्षेप स्वतःच सहा प्रश्नांच्या रूपानें मांडले. अमेरिकेस कां जावयाचें? येथें शिक्षणाची सोय नाहीं काय? एकटीनेंच कां? परत आल्यावर जातीनें वाळींत टाकलें तर? परदेशांत संकट ओढवलें तर? आणि आजवर आपल्या कोणा स्त्रीनें न केलेलें हें धाडस आपणच कां करावें? एकेक प्रश्न घेऊन त्यांनीं एकेक उत्तर दिलें. मद्रासेस एक कॉलेज आहे व इतर इलाख्यांत सुइणींचे वर्ग आहेत, हें त्यांनीं लपविलें नाहीं. तें शिक्षण अपुरें कां, तेंहि सांगितलें. आपण हिंदु म्हणून जाऊं आणि हिंदु म्हणूनच परत येऊं, असें ठासून सांगितलें. चवदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गमावलेल्या त्या मातेला दुःखाचें प्रदर्शन करून सभेचे डोळे ओले करतां आले असते. त्यांनीं विचार पुढें मांडला. या भाषणाची वार्ता दूरवर गेली आणि देशभरांतून साह्य येऊं लागलें. ७ एप्रिलला त्यांनीं कलकत्ता सोडलें व ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

तिसरें मागणें त्याच वर्षींच्या २८ जूनचें. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाच्या चालकांपैकीं आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेलें तें पत्र म्हणजे विनंतीचा आदर्श होय. प्रवेशाच्या सर्व अटींस आपण कदाचित् उतरणार नाहीं, हें त्यांनीं आधींच मान्य केलें. आपला प्रसंग असामान्य आहे, म्हणून उदारपणें पाहावें, अशी विनंति केली. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साह्य देणें हा आपला हेतु, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. स्वतःसाठीं आपण कांहीं मागत नाहीं. त्या कार्यास पात्र होण्यापुरतेंच मागतों, असें सांगून त्यांनीं पत्र संपविलें. येथें लाचारी नाहीं आणि ताठाहि नाहीं. मला काय येतें, काय उणें आहे, काय हवें आहे आणि त्याचें मी काय करीन, या चार गोष्टी त्यांत आहेत. कॉलेजाचें दार उघडलें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली; त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

परंतु श्रोतेहो, त्या सुंदर पत्रांत एक वाक्य असें आहे कीं, तें आज वाचतांना मन थबकतें. आपली प्रकृति उत्तम आहे, असें आनंदीबाईंनीं त्यांत लिहिलें होतें. वास्तविक कलकत्त्यास असल्यापासून अशक्तपणा, डोकेदुखी आणि ताप त्यांचा पाठपुरावा करीत होते. कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेंतून औषधें धाडलीं, तींहि लागू पडलीं नव्हतीं. खरें सांगितलें तर दार बंद होईल, ही भीति त्यांना वाटली असेल. तिला कोण दोष देईल? पण देशभगिनींच्या शरीरासाठीं इतकें समर्थपणें मागणाऱ्या या मुलीनें स्वतःच्या शरीरासाठीं मात्र त्या दारीं कांहींच मागितलें नाहीं. फिलाडेल्फियाच्या थंडींत तें शरीर क्षयानें पोखरलें.

कोल्हापूर संस्थानानें आपल्या दवाखान्यांतील स्त्रियांच्या विभागाचें काम त्यांना देऊं केलें होतें. पहिलें पत्र ज्या गांवाहून निघालें, त्याच गांवानें आतां त्यांच्याकडे मागणें केलें होतें. त्या कामावर रुजू होणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वय अवघें एकवीस.

मागण्याची रीत आनंदीबाईंकडून शिकावी, ती हीच : गरज नेमकी सांगावी, उणीव झांकूं नये, समोरच्याच्या शंका आधीं ओळखाव्या. आणि ज्या एका ठिकाणीं त्या स्वतः गप्प राहिल्या, तेथें आपण गप्प राहूं नये.