सबवूफर : घरातील जागा आणि फरशी

सबवूफर म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्वतंत्र स्पीकर. होम थिएटरमध्ये साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज त्याच्याकडे सोपवतात. दुकानात भरदार वाटलेला सबवूफर घरी कधी नुसता घुमतो, तर कधी पोकळ वाजतो. याचे कारण बहुतेक वेळा तो ठेवलेली जागा हे असते. फरशीचाही वाटा असतो, पण समजला जातो त्यापेक्षा बराच कमी आणि निराळ्या प्रकारचा.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. त्यामुळे 80 हर्ट्झची लहर सव्वाचार मीटरहून लांब, तर 20 हर्ट्झची सुमारे 17 मीटर लांब भरते. घरातल्या खोलीत अशा लहरी समोरासमोरच्या भिंतींवरून परततात आणि ठरावीक कंप्रतांना जागच्या जागी स्थिरावतात. ध्वनीच्या वेगाला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले की यांतली पहिली कंप्रता मिळते. 12 फुटांच्या बाजूला ती सुमारे 47 हर्ट्झ येते, 10 फुटांच्या बाजूला 56 आणि साडेनऊ फूट उंचीला 59. या कंप्रतांना भिंतीलगत दाब सर्वाधिक असतो, मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून खोलीच्या मध्यावर बसलेल्याला जो स्वर ऐकूच येत नाही, तोच भिंतीला टेकून बसलेल्याच्या कानात दाटतो. 10 बाय 10 ची चौरस खोली या दृष्टीने फार अवघड, कारण लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींच्या कंप्रता जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. आवाज वाढवून ही पोकळी भरत नाही. मूळ लहर जेवढी वाढते तेवढीच परतलेली लहरही वाढते आणि तिला खोडते. इक्वलायझरने उंचवटे कापता येतात, खड्डे बुजवता येत नाहीत.

कोपऱ्यात खर्ज सर्वांत मोठा येतो. मोकळ्या हवेच्या तुलनेत जवळचा प्रत्येक कठीण पृष्ठभाग दाब 6 डेसिबलपर्यंत वाढवतो आणि कोपऱ्यात जमीन धरून असे तीन पृष्ठभाग असतात. स्पीकरवर भिंतींचा हा परिणाम रॉय ॲलिसन यांनी 1974 मध्ये मोजून मांडला. मात्र कोपरा खोलीच्या सगळ्याच कंप्रता एकदम चेतवतो, म्हणून तिथला खर्ज भरपूर असला तरी सपाट नसतो. भिंतीपासून एक मीटर दूर ठेवलेल्या सबवूफरची मागून परतलेली लहर 86 हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला छेद देते. तो भिंतीलगत सरकवला की हा छेद त्याच्या पट्ट्याच्या वर निघून जातो. हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये आयताकृती खोल्यांचा अभ्यास मांडला. त्यात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवल्यास बसण्याच्या वेगवेगळ्या जागांमधला फरक बराच घटतो असे दिसले. एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन लहान घेणे म्हणूनच शहाणपणाचे. एकच असेल तर तो ऐकण्याच्या जागी ठेवावा, ओळखीचा खर्ज लावावा आणि भिंतीकडेने रांगत, कान जमिनीजवळ ठेवून ऐकावे. जिथे स्वर सारखे येतात, तीच त्याची जागा.

आता फरशी. व्हिट्रिफाइड टाइल, शहाबादी किंवा कोबा यांच्याखाली काँक्रीटचा स्लॅब असतो. तो जड आणि ताठ असल्याने खर्ज जवळजवळ पूर्ण परत फेकतो. त्यावर गालिचा अंथरल्याने टाळीचा खणखणाट जातो, खर्जाला काही होत नाही. 40 हर्ट्झची पाव लहर दोन मीटरांहून लांब असते; सेंटिमीटरभर लोकर तिला काय अडवणार? सबवूफरचे तोंड खाली असले तरी हेच खरे. जुन्या वाड्यांतली आणि चाळींतली तुळयांवरची लाकडी जमीन मात्र ढोलाच्या पानासारखी स्वतः हलते: काही कंप्रता शोषते, काही पायांना जाणवतील अशा वाढवते आणि कपाटातली भांडी खडखडवते.

अणकुचीदार पाय लावल्याने कंप अडत नाहीत, ते जमिनीत नीट पोचतात. अडवायला मऊ आधार लागतो. सबवूफरच्या वजनाने स्प्रिंग 1 सेंटिमीटर दबली तर तिची स्वतःची कंप्रता सुमारे 5 हर्ट्झ असते आणि 7 हर्ट्झच्या वरचे कंप ती कमी करू लागते. फक्त 1 मिलिमीटर दबणारे पॅड 22 हर्ट्झच्या वरच उपयोगी पडते. हवेतून जाणाऱ्या आवाजाला दोन्ही अडवत नाहीत.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत मर्यादा 45 डेसिबल आहे. पण ती ‘ए’ भारांकनाने मोजतात आणि त्यात 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा होतात. म्हणून मापकाच्या आकड्यावर विसंबू नये; खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन एकदा स्वतः ऐकावे.